व्हिक्टोरियन लंडनच्या पॅरिशमध्ये लोक कशानं मरत होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या मृत्यूनोंदी, दफनाच्या वह्या आणि आरोग्य अधिकाऱ्यांचे अहवाल आता घरबसल्या वाचता येतात. सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, इतिहासाचे वाचक आणि परदेशातल्या नातेवाइकांच्या कुळाचा शोध घेणारे मराठी लोक या नोंदींकडे वळतात आणि बहुतेकांना त्याच त्या अडचणी येतात. इथे मुख्य उदाहरण लंडनमधल्या सेंट जेम्स वेस्टमिन्स्टर या पॅरिशचं, म्हणजे आजच्या सोहो आणि पिकाडिलीच्या परिसराचं घेतलं आहे. गरज पडेल तिथे पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन आणि टेम्स नदीच्या दक्षिणेकडचे भागही आले आहेत.

पॅरिश म्हणजे चर्चचा भाग की नगरपालिकेचा वॉर्ड?

दोन्ही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मुळात पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द. पण गरिबांना मदत, रस्ते, दिवाबत्ती, कर गोळा करणं ही कामंही शतकानुशतकं पॅरिशकडेच होती. हा कारभार पाहणाऱ्या मंडळाला व्हेस्ट्री म्हणत. वस्ती वाढली तशी एका जुन्या पॅरिशच्या पोटात नवी चर्च उभी राहिली आणि त्यांना धार्मिक कामापुरती वेगळी हद्द मिळाली. बेरिक स्ट्रीटवरचं सेंट ल्यूक्स हे त्यातलंच. १८३७ नंतर मृत्यूनोंदणीचे जिल्हे आणि उपजिल्हे आले. सेंट जेम्स हा स्वतःच एक नोंदणी जिल्हा होता आणि त्याचे तीन उपजिल्हे होते: सेंट जेम्स स्क्वेअर, गोल्डन स्क्वेअर आणि बेरिक स्ट्रीट. १८५१ च्या जनगणनेत या पॅरिशची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती.

म्हणून कोणताही आकडा हाती आला की तो चर्चच्या हद्दीचा आहे, व्हेस्ट्रीच्या की नोंदणी जिल्ह्याचा, हे आधी ठरवा. मृत्यू एका हद्दीतले आणि लोकसंख्या दुसऱ्या हद्दीतली घेतली, की पुढचं सगळं गणित वाया जातं.

दफनाच्या नोंदवहीत मृत्यूचं कारण का सापडत नाही?

तो रकानाच नव्हता. १८१२ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १८१३ पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये छापील नमुन्याची दफनवही आली. तिच्यात नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही, एवढंच असे. एका पानावर आठ नोंदी. साथीच्या काळात एखादा पाद्री समासात आजाराचं नाव टिपून ठेवी, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तीत मृत्यूची तारीख आणि जागा, नाव, लिंग, वय, व्यवसाय, मृत्यूचं कारण, खबर देणाऱ्याची सही आणि पत्ता, नोंदीची तारीख आणि रजिस्ट्रारची सही असते. लहान मुलांच्या बाबतीत व्यवसायाच्या जागी वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो. त्यामुळे कुटुंब गवंड्याचं होतं की वकिलाचं, हे बाळाच्या नोंदीवरूनही कळतं.

मृत जन्मलेली बाळं या दोन्हींत शोधू नका. त्यांची नोंद इंग्लंडमध्ये १९२७ पासून सुरू झाली.

नोंद प्रत्यक्षात कशी होत असे?

मृत्यूच्या वेळी जवळ असलेलं कोणीतरी, बहुधा बायको, मुलगी, शेजारीण किंवा सुईण, उपजिल्ह्याच्या रजिस्ट्रारकडे जाऊन तोंडी माहिती देई. रजिस्ट्रार ती लिहून घेई आणि वाचून दाखवी. सही येत नसेल तर फुली मारून घेत. दर तिमाहीला या नोंदींच्या प्रती लंडनच्या जनरल रजिस्टर ऑफिसात जात.

सुरुवातीच्या काळात डॉक्टरचा दाखला सक्तीचा नव्हता. १८४५ पासून डॉक्टरांना छापील दाखल्यांचे कोरे फॉर्म वाटले जाऊ लागले, आणि डॉक्टरनं कारण कळवलं असेल तर नोंदीत त्यापुढे 'प्रमाणित' असा शेरा येऊ लागला. दाखला सक्तीचा झाला तो १८७४ च्या कायद्यानं, १ जानेवारी १८७५ पासून. नातेवाइकांनी पाच दिवसांत खबर द्यावी, नाहीतर दंड, हेही त्याच कायद्यात आलं. संशयास्पद किंवा अचानक मृत्यू कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाई. चौकशी अनेकदा जवळच्या पबमध्ये भरे, कारण ज्यूरी बसवायला तेवढी मोठी खोली दुसरीकडे नसे. तिथून 'ईश्वरी कोपानं मृत्यू' असा निकाल आला असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की घातपाताचा पुरावा मिळाला नाही.

मग 'मृत्यूचं कारण' हा रकाना कितपत खरा मानायचा?

तो एका माणसानं दिलेली साक्ष म्हणून वाचा. साक्षीदार कोण होता, त्यानं काय पाहिलं आणि त्या वर्षी वैद्यकशास्त्राला काय ठाऊक होतं, हे कळल्याशिवाय त्या रकान्याचं मोल ठरत नाही. आम्ही नोंद नेहमी उलट्या क्रमानं वाचतो: आधी खबर देणारा, मग 'प्रमाणित' शेरा आहे का, मग पत्ता, वय, महिना आणि सगळ्यात शेवटी कारण. जुलै ते सप्टेंबरमध्ये, कोंदट गल्लीत, नऊ महिन्यांचं बाळ 'आकडी'नं गेलं असेल आणि खबर निरक्षर शेजारणीनं दिली असेल, तर तो बहुधा उन्हाळी हगवणीचा बळी आहे. कारणाच्या रकान्यात मात्र हगवणीचा उल्लेखही नसेल.

या पॅरिशच्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची नोंद अशीच आहे. २ सप्टेंबर १८५४ ला ४०, ब्रॉड स्ट्रीट इथे पाच महिन्यांचं एक बाळ वारलं. कारण लिहिलं होतं चार दिवसांच्या अतिसारानंतरचा थकवा. त्यात कॉलऱ्याचं नाव नव्हतं, म्हणून ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे कळलं ते असं की पॅरिशमधल्या १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीचं मूळ याच घरात होतं.

नोंदींत वारंवार येणारी कारणं आजच्या भाषेत काय असावीत?

आकडी, दात येणं, अशक्तपणा, झिजणं: ही चार कारणं बाळांच्या नोंदींत सतत दिसतात, आणि चारही लक्षणं किंवा वेळा आहेत, आजार नव्हेत. दात येणं ही तर फक्त वयाची खूण. बाळाला वरचं अन्न सुरू होतं त्याच सुमाराला दात येतात, आणि बाळ मरे ते दूषित दुधामुळे किंवा पाण्यामुळे. अगदी तान्ह्या बाळाचा 'अशक्तपणा' बहुतेक वेळा अपुऱ्या दिवसांचा जन्म असतो. काही ठिकाणी 'आईचं दूध न मिळाल्यानं' असंही लिहिलेलं आढळतं. ते शब्दशः खरं धरायला हरकत नाही.

क्षय अनेक नावांनी येतो. फुप्फुसाचा असेल तर थायसिस, कन्झम्प्शन किंवा नुसतं डिक्लाइन. मुलांच्या पोटातल्या क्षयाला टेबीज मेसेंटेरिका म्हणत, आणि त्यात आजारी गाईंच्या दुधाचा मोठा हात होता. लहान मुलाच्या नोंदीत 'ॲक्यूट हायड्रोसेफॅलस' दिसलं तर ते बहुधा मेंदूच्या आवरणाचा क्षय. मानेच्या गाठींचा क्षय स्क्रोफ्युला या नावाखाली जाई. जंतू सापडला १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांना. त्याआधी हे सगळे वेगवेगळे आजार समजले जात, म्हणून क्षयाची बेरीज करताना ही नावं एकत्र घ्यावी लागतात.

तापांबाबत जास्त सावध राहावं लागतं. टायफस उवांमधून पसरतो आणि टायफॉइड मैला मिसळलेल्या पाण्यातून किंवा दुधातून. विल्यम जेनर यांनी दोन्हींतला फरक १८४९-५० च्या सुमारास दाखवून दिला, तरी रजिस्ट्रार जनरलच्या तक्त्यांत ते वेगळे झाले १८६९ पासून. त्याआधीच्या 'टायफस'च्या आकड्यावरून उवांबद्दल किंवा पाण्याबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका. तसंच घटसर्पाचं. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तो बराचसा स्कार्लेट फिव्हरच्या खात्यात दडलेला आहे. १८५८ नंतर घटसर्प एकदम वाढलेला दिसला, तर त्यातला काही भाग खरा आहे आणि काही भाग नाव बदलल्याचा.

ड्रॉप्सी म्हणजे अंगावर सूज. मूळ आजार हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा. ॲपोप्लेक्सी म्हणजे बहुधा पक्षाघाताचा झटका, पण कोणी उभ्याउभ्या कोसळून मेलं तरी हेच लिहीत. मेट्रिया म्हणजे बाळंतपणानंतरचा जंतुदोष. बाळंतिणीच्या मृत्यूत डॉक्टरांना कमीपणा येत असल्यामुळे पुष्कळदा नुसतं 'पेरिटोनायटिस' लिहून भागवलं जाई. पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या बाईच्या नोंदीत हा शब्द दिसला, की त्याच सुमारास त्या पत्त्यावर बाळाचा जन्म किंवा मृत्यू नोंदला आहे का, हे जरूर पाहा.

उपासमारीनं मेल्याच्या नोंदी इतक्या कमी का?

कारण त्या नोंदींमुळे गरिबांसाठीच्या कायद्याची अब्रू जात होती. जनरल रजिस्टर ऑफिसातले संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी पहिल्या वार्षिक अहवालात ६३ मृत्यू उपासमारीचे दाखवले, तर गरिबांसाठीच्या कायद्याचा कारभार पाहणारे अधिकारी एडविन चॅडविक यांनी त्यावर हरकत घेतली. फार यांचं म्हणणं होतं की भूक क्वचितच एकटी मारते; ती माणसाला तापाच्या आणि अतिसाराच्या हवाली करते. आमच्या मते या वादात फार बरोबर होते. रकान्यात 'ताप' असेल, पण व्यवसाय हातमागाचा आणि महिना बेकारीचा असेल, तर भूक त्या नोंदीत आहेच.

सगळ्यात जास्त बळी कॉलऱ्यानं घेतले का?

नाही. कॉलरा चार वेळा आला: १८३१-३२, १८४८-४९, १८५३-५४ आणि १८६६. १८४८-४९ मध्ये लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं गेली, १८५३-५४ मध्ये जवळजवळ ११ हजार आणि १८६६ मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास. पण क्षय दर वर्षी, न थांबता माणसं नेत होता. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये साधारण आठातला एक मृत्यू फुप्फुसाच्या क्षयाचा होता, आणि मरणारे बहुतेक ऐन उमेदीतले, घर चालवणारे. त्याखालोखाल हिवाळ्यातला ब्राँकायटिस आणि न्यूमोनिया, मुलांमध्ये स्कार्लेट फिव्हर, गोवर आणि डांग्या खोकला, आणि उन्हाळ्यातली हगवण.

देवीची लस १८५३ मध्ये तान्ह्या बाळांसाठी सक्तीची झाली होती. अंमलबजावणी ढिली होती, त्यामुळे १८७१-७२ च्या साथीत इंग्लंड आणि वेल्समध्ये ४० हजारांहून जास्त लोक देवीनं गेले.

कॉलऱ्याचं महत्त्व वेगळं आहे. तो काही तासांत मारत होता, म्हणून रोग कुठून येतो याचा माग नोंदींतून काढता आला. क्षयाच्या बाबतीत हे जमण्यासारखं नव्हतं.

ब्रॉड स्ट्रीटवर १८५४ मध्ये नेमकं काय झालं?

३१ ऑगस्टच्या रात्री साथ भडकली. एकट्या १ सप्टेंबरला १४३ जणांना असा झटका आला की ते पुढे वाचले नाहीत. ब्रॉड स्ट्रीट आणि केंब्रिज स्ट्रीट मिळतात तिथून २५० यार्डांच्या आत दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसं मेली. एकूण बळींचा आकडा ६१६ धरला जातो.

डॉक्टर जॉन स्नो यांनी काय केलं ते पायरीपायरीनं पाहण्यासारखं आहे. त्यांनी रजिस्टर ऑफिसातून त्या आठवड्यातल्या कॉलऱ्याच्या ८३ मृत्यूंची पत्त्यांसह यादी मिळवली. प्रत्येक घर कोणत्या सार्वजनिक हातपंपाला सर्वात जवळ आहे ते पाहिलं. ७३ मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळचे निघाले. त्यांपैकी ६१ जण ते पाणी पीत होते असं घरच्यांनी सांगितलं. उरलेले दहा मृत्यू दुसऱ्या पंपांच्या जवळचे होते, आणि स्नो तिथेही गेले. पाच घरांत उत्तर मिळालं की पाणी चवीला बरं लागतं म्हणून आम्ही मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटहून आणवतो. आणखी तीन मुलं होती, आणि त्यांची शाळा त्याच पंपाजवळ होती.

मग त्यांनी न मेलेले लोक शोधले. पोलंड स्ट्रीटवरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहात, ५३५ माणसं होती, चहूबाजूंनी साथ होती, तरी तिथे कॉलऱ्याचे मृत्यू झाले फक्त पाच. तिथे स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या दारूभट्टीत सत्तरच्या आसपास कामगार होते. त्यांना बिअर मिळे आणि भट्टीची विहीर वेगळी होती, म्हणून तिथे एकही दगावला नाही. उलट काही मैल दूर हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्यानं गेल्या. पूर्वी त्या ब्रॉड स्ट्रीटवर राहत आणि तिथलं पाणी आवडे म्हणून गाडीवरून बाटलीभर रोज मागवत. त्यांच्याकडे येऊन तेच पाणी प्यायलेली इझलिंग्टनची भाचीही गेली. साथरोगाचा तपास शिकणाऱ्यानं इथे थांबावं: नियमाबाहेरचा प्रत्येक माणूस स्नो यांनी घरी जाऊन समजावून घेतला, आकड्यांत झाकून टाकला नाही.

पंपाचा दांडा काढला म्हणून साथ थांबली, हे खरं का?

तेवढं सरळ नाही. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो यांनी पॅरिशच्या मंडळापुढे आपलं म्हणणं मांडलं आणि ८ तारखेला दांडा काढण्यात आला. पण तोवर नवे जीवघेणे झटके दिवसाला बारावर आले होते, आणि पुष्कळ रहिवासी भाग सोडून पळाले होते. हे स्वतः स्नो यांनीच लिहून ठेवलं आहे.

दांड्याचं महत्त्व पुढे कळलं, आणि तेही स्नो यांना खोटं ठरवायला निघालेल्या माणसामुळे. हेन्री व्हाइटहेड हे सेंट ल्यूक्सचे तरुण पाद्री. त्यांना गल्लीतला प्रत्येक जण ओळखत होता. पंपाचा सिद्धांत चुकीचा आहे हे दाखवण्यासाठी ते घरोघर फिरले, एकेका घरी चारचार पाच वेळा गेले, आणि शेवटी त्यांचंच मत बदललं. मृत्यूनोंदी पुन्हा चाळताना त्यांना ते ४० नंबरचं बाळ सापडलं. आईनं बाळाचे लंगोट ज्या बादल्यांत धुतले त्यांचं पाणी घरासमोरच्या शोषखड्ड्यात ओतलं होतं.

नोव्हेंबर १८५४ मध्ये पंपाखालची विहीर आतून तपासली होती तेव्हा तिच्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. १८५५ च्या वसंतात खोदकाम केलं ते खड्ड्याच्या बाजूनं, आणि मग उलगडा झाला. खड्ड्याच्या विटा भुसभुशीत झाल्या होत्या, मैला मातीत मुरत होता, आणि खड्डा आणि विहीर यांत अंतर होतं तीन फुटांपेक्षाही कमी. त्याच घरात बाळाच्या वडिलांना कॉलरा झाला तो ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा काढला त्याच दिवशी. दांडा जागेवर असता तर विहिरीत दुसऱ्यांदा उतरलेलं विष लोकांच्या पोटात गेलं असतं. पहिली साथ दांड्यानं थांबली नाही; दुसरी मात्र त्यानं अडवली असं म्हणायला चांगला आधार आहे.

पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांचा दोष कसा सिद्ध झाला?

दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीनं १८५२ मध्ये टेम्सच्या वरच्या अंगाला, भरती पोचत नाही अशा ठिकाणी पाणी उचलायला सुरुवात केली. साउथवार्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटर्सीजवळ, शहराचा मैला मिसळलेलंच पाणी उचलत राहिली. शेजारीशेजारी राहणाऱ्या, सारख्याच ऐपतीच्या लोकांच्या घरी वेगवेगळं पाणी येत होतं.

भाडेकरूंना बहुधा कंपनीचं नावच माहीत नसे, कारण बिल मालक भरत. स्नो यांनी यावर रासायनिक तोड काढली. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं. भरतीच्या खारट पाण्यात पांढरा साका दाट बसे, वरच्या पाण्यात अगदी थोडा, म्हणजे कंपनी कोणती ते कळे. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा: साउथवार्क आणि व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे दर दहा हजारांमागे ३७.

तरी कंपन्या लगेच सुधारल्या नाहीत. १८६६ मध्ये ईस्ट एंडमध्ये, म्हणजे पूर्व लंडनमध्ये, कॉलरा आला तेव्हा ईस्ट लंडन कंपनीनं उघड्या तलावातलं, न गाळलेलं पाणी सोडल्याचं उघड झालं. नळांतून ईल मासे बाहेर येत होते, तरी कंपनी सुरुवातीला नाकारतच होती.

बाळं एवढी का मरत होती?

व्हिक्टोरियन काळाच्या जवळजवळ अखेरपर्यंत इंग्लंडमध्ये दर हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत मरत. १८९९ मध्ये हा आकडा १६३ होता. एकूण मृत्युदर घटत असताना बाळांचा घटला नाही, ही या काळाची सगळ्यात दुःखाची गोष्ट आहे.

कारण बरंचसं दुधात होतं. शहरातल्या गोठ्यांतलं किंवा रेल्वेनं आलेलं दूध उघड्या कॅनमधून दिवसभर विकलं जाई, आणि त्यात पाणी घातलेलं असे. काचेच्या बाटलीला लांब रबरी नळी आणि तिला बोंडी, अशी दुधाची बाटली तेव्हा घरोघर होती. बाळ ती एकट्यानं चोखत पडे आणि आईला कामाला जाता येई. नळीच्या आत ब्रश जात नसे, आत दुधाचा थर साचून आंबे. जे डब्यातलं घट्ट दूध परवडे ते साय काढलेलं असे. बाळ गुटगुटीत दिसे, पण पोषण होत नसे. त्यात घोड्यांच्या लिदीवर वाढणाऱ्या माश्यांची भर. बाळ रडू नये म्हणून अफूमिश्रित गॉडफ्रीज कॉर्डियल पाजत. अफूच्या विक्रीवर १८६८ च्या कायद्यानं काही बंधनं आली, पण अशी पेटंट औषधं त्यातून सुटली.

हगवणीचा मोसम ओळखण्याची एक खूण सरकारी वैद्यकीय निरीक्षक एडवर्ड बॅलर्ड यांनी १८८९ च्या अहवालात दिली. जमिनीत चार फूट खोल ठेवलेला तापमापक ५६ अंश फॅरनहाइटला पोचला, की हगवणीचे मृत्यू चढू लागतात. थंड, पावसाळी उन्हाळ्यात हा आकडा उशिरा येतो आणि बाळं वाचतात. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना उन्हाळा कसा होता ते पाहिल्याशिवाय आरोग्य अधिकाऱ्याला श्रेय किंवा दोष देऊ नका.

बेथनल ग्रीनमधले मजूर सोळाव्या वर्षी मरत होते, असं वाचलं. खरं का?

आकडा खरा, अर्थ चुकीचा. चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात बेथनल ग्रीनमधल्या मृतांचं सरासरी वय सधन कुटुंबांत ४५, व्यापाऱ्यांत २६ आणि मजुरांत १६ दिलं आहे. ही मेलेल्यांच्या वयाची सरासरी आहे, आणि त्यात बाळं धरलेली आहेत. एक बाळ तीन महिन्यांचं गेलं आणि आजोबा साठीत गेले तर सरासरी तीस येते, पण तिशीत कोणीच मेलेलं नसतं. शिवाय जिथे तरुण जोडपी आणि मुलं जास्त, तिथे ही सरासरी आपोआप खाली येते. गरिबांची मुलं जास्त मरत होती हे निर्विवाद आहे. ते मोजायला बालमृत्युदर वापरा.

पॅरिशचा आरोग्य अधिकारी दिवसभर काय करत असे?

१८५५ च्या कायद्यानं लंडनमधल्या प्रत्येक व्हेस्ट्रीला किंवा जिल्हा मंडळाला एक आरोग्य अधिकारी आणि एक उपद्रव निरीक्षक नेमावा लागला. सेंट जेम्सनं एडविन लँकेस्टर यांना नेमलं. मृत्यूंची साप्ताहिक यादी आली की अधिकारी एका घरातले दोन ताप किंवा एका गल्लीतल्या तीन हगवणी वेगळ्या काढी. निरीक्षक तिथे जाई: तुंबलेली मोरी, भरलेला शोषखड्डा, झाकण नसलेली पाण्याची टाकी, तळघरात राहणारं कुटुंब. मग मालकाला नोटीस. मुदतीत काम झालं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे. कामं ठरलेली असत: चुना फासणं, मोरीला वास अडवणारी वाकडी नळी बसवणं, खड्डा उपसून बुजवणं आणि संडास गटाराला जोडणं.

काम अडे ते व्हेस्ट्रीत. तिचे सभासद कर भरणारे, आणि त्यांत घरमालकही पुष्कळ. अधिकाऱ्यानं फार नोटिसा काढल्या की त्याच्या पगारावर आणि नेमणुकीवर चर्चा सुरू होई. म्हणून वार्षिक अहवालात 'सल्ला दिला' आणि 'केलं' हे शब्द नीट वेगळे वाचा. 'सल्ला दिला' असं एकाच गल्लीबद्दल वर्षानुवर्षं येत असेल, तर अडवणूक कुठे होती ते कळतं. संसर्गजन्य रोगाची खबर देणं डॉक्टरांना बंधनकारक झालं १८८९ च्या कायद्यानंतरच.

आमच्या पूर्वजाचं घर सोहोत होतं, पण मृत्यू दुसऱ्याच जिल्ह्यात सापडला. असं का?

बहुधा इस्पितळ किंवा वर्कहाऊस. नोंद मृत्यूच्या जागी होई, घराच्या जागी नव्हे. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरचे कितीतरी रुग्ण मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये नेले, आणि ते मेरिलबोनच्या हद्दीत होतं. पॅरिशचा मृत्युदर यामुळे दोन्हीकडे चुकतो: ज्या पॅरिशमध्ये मोठं इस्पितळ तिचा फुगतो, शेजारच्या पॅरिशचा घटतो. चांगले आरोग्य अधिकारी बाहेर मेलेले आपले रहिवासी जोडून आणि आत मेलेले परके वजा करून सुधारलेला आकडा देत. अहवालात दोन दर दिसले तर सुधारलेला घ्या.

दफनही पॅरिशमध्ये सापडेलच असं नाही. १८५२ च्या कायद्यानंतर शहरातली भरून वाहणारी चर्चयार्ड बंद होत गेली आणि लोक बाहेरच्या दफनभूमींत, म्हणजे केन्सल ग्रीन, हायगेट किंवा १८५४ पासून वॉटर्लूहून रेल्वेनं ब्रुकवुडला पुरले जाऊ लागले. वर्कहाऊसमध्ये वारलेल्याचा देह कोणी ताब्यात घेतला नाही, तर १८३२ च्या ॲनाटॉमी कायद्यानं तो वैद्यकीय शाळेला देता येई. अशा माणसाचं दफन मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, भलत्याच ठिकाणी नोंदलेलं मिळतं.

शोधताना सरकारी सूची तिमाहीची आहे आणि तिमाही नोंदीच्या तारखेवरून ठरते, हे ध्यानात ठेवा. ३० डिसेंबरचा मृत्यू पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत जाऊ शकतो. लंडनच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे अहवाल वेलकम या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहानं ऑनलाइन खुले केले आहेत. त्यांत व्यक्तींची नावं सहसा नसतात, पण गल्ल्यांची असतात.

स्वतः मृत्युदर काढायचा तर कसा?

समजा लोकसंख्या ३६,००० आणि वर्षातले मृत्यू ८००. ८०० भागिले ३६,००० गुणिले १,००० म्हणजे दर हजारी २२. जनगणना दहा वर्षांनी होते, म्हणून मधल्या वर्षांसाठी दोन जनगणनांमधला फरक समान वाटून घ्या. सोहोसारख्या भागात, जिथे रस्ता रुंद करताना शेकडो घरं पडली, तिथे हा अंदाज चुकतो. पाडकामाचं वर्ष तपासा. बालमृत्युदरासाठी मात्र लोकसंख्या नको: वर्षाच्या आतले मृत्यू भागिले त्या वर्षीचे जन्म, गुणिले हजार. १८७४ पूर्वी काही जन्म नोंदलेच जात नव्हते, त्यामुळे तो दर थोडा जास्त दिसतो. एकेक गल्ली किंवा उपजिल्हा घेतलात तर पाच वर्षांची सरासरी काढा, कारण एखादी गोवराची साथ लहान आकडे पार उलटेपालटे करते.

मृत्यू शेवटी कमी कशामुळे झाले?

यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. थॉमस मॅककियन यांनी चांगल्या आहाराला श्रेय दिलं. सायमन श्रेटर यांनी १९८८ मध्ये गटारं, पाणी आणि स्थानिक आरोग्य प्रशासन यांच्या बाजूनं त्याला उत्तर दिलं. आम्हाला श्रेटर यांचं म्हणणं जास्त पटतं. पाण्यातून येणारे कॉलरा आणि टायफॉइड हे गटारं आणि शुद्ध पाणी जिथे पोचलं तिथे ओसरले, आणि दुधाचा प्रश्न तसाच राहिला तिथे बाळं मरतच राहिली. इंजिनिअर जोसेफ बॅझलगेट यांची लंडनमधली मोठी गटारं १८६५ पासून सुरू झाली. १८६६ चा कॉलरा मुख्यतः पूर्वेला जिथे ती अजून पुरी झाली नव्हती तिथेच पेटला.

मुंबईच्या नोंदी वाचताना याचा उपयोग होतो का?

होतो. मुंबईत आरोग्य अधिकाऱ्याचं पद १८६५ मध्ये आलं, ते लंडनच्या व्हेस्ट्रींच्याच नमुन्यावर, आणि मृत्यूंची वर्गवारीही तिथलीच उसनी घेतलेली होती. त्यामुळे 'ताप' आणि 'आकडी' हे रकाने इथेही भरलेले दिसतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखला गेला. त्यानंतर घर रिकामं करायला लावतील, माणसाला इस्पितळात ओढून नेतील या धास्तीनं अनेक कुटुंबांनी कारण दुसरंच सांगितलं. म्हणून त्या वर्षांत तापाचे आणि फुप्फुसांच्या विकारांचे आकडे आदल्या वर्षांच्या तुलनेत किती वाढले ते पाहावं लागतं. ती वाढ प्लेगच्या अधिकृत आकड्यात धरल्याशिवाय मांडवीतल्या बळींचा अंदाज येत नाही.